दाहशामक की प्रतिजैविक? : श्वासमार्गाच्या दीर्घकालीन विकारांतील मॅक्रोलाइड औषधांविषयीच्या युक्तिवादाची चिकित्सा

गोषवारा

एरिथ्रोमायसिन, क्लॅरिथ्रोमायसिन, अझिथ्रोमायसिन ही मॅक्रोलाइड वर्गातील प्रतिजैविके श्वासमार्गाच्या दीर्घकालीन विकारांत अल्प मात्रेत महिनोन् महिने दिली जातात. त्यांचा उपयोग जंतुनाशक म्हणून नव्हे, तर दाहशामक म्हणून होतो, असे त्याचे समर्थन केले जाते. या समर्थनामागील पुराव्याची तपासणी करणे हा प्रस्तुत लेखाचा उद्देश आहे. औषधाचा लाभ अनेक चाचण्यांत सिद्ध झाला आहे. मात्र तो दाहशमनामुळेच होतो, हे त्या चाचण्यांतून सिद्ध झालेले नाही. ‘दाहशामक’ या नावामुळे प्रतिजैविकाच्या दीर्घ वापराचे दुष्परिणाम दृष्टीआड होतात आणि भारतासारख्या देशात ही बाब विशेष गंभीर ठरते, असे प्रतिपादन येथे केले आहे.

बीजसंज्ञा : मॅक्रोलाइड, अझिथ्रोमायसिन, दाह, सीओपीडी, ब्राँकिएक्टॅसिस, दमा, प्रतिजैविक प्रतिरोध

१. प्रस्तावना

औषधाला दिलेले विशेषण हे केवळ वर्णन नसते. ते औषध किती दिवस द्यावे, कोणाला द्यावे, कोणत्या धास्तीने द्यावे, हेही ते विशेषण नकळत ठरवीत असते. ‘प्रतिजैविक’ म्हटले की डॉक्टर आणि रुग्ण या दोघांच्याही मनात मर्यादा उभी राहते : ठरावीक दिवस, ठरावीक गोळ्या आणि मग थांबणे. ‘दाहशामक’ म्हटले की ती मर्यादा सैल होते. मराठी वाचकाला तर हा शब्द अधिकच सौम्य वाटतो. आपल्याकडे वाळा आणि चंदन यांना दाहशामक म्हणण्याची परंपरा आहे. त्यामुळे या शब्दाला एक शीतल, निरुपद्रवी छटा चिकटलेली आहे. आधुनिक वैद्यकातील ‘दाह’ म्हणजे मात्र अंगाची आग नव्हे. इजा किंवा संसर्ग यांच्या विरोधात शरीराच्या संरक्षक पेशींनी व त्यांच्या स्रावांनी उभारलेला प्रतिसाद म्हणजे दाह. तो दीर्घकाळ रेंगाळला की ज्या अवयवाचे रक्षण करायचे त्यालाच इजा करू लागतो.

सीओपीडी, ब्राँकिएक्टॅसिस म्हणजे श्वासनलिकांचे कायमचे विस्फारण, तीव्र दमा, सिस्टिक फायब्रोसिस या विकारांत असा रेंगाळलेला दाह असतो, याविषयी दुमत नाही. मॅक्रोलाइड औषधे यांपैकी अनेक रुग्णांना उपयोगी पडतात, हेही आता मान्य झाले आहे. प्रश्न उरतो तो या दोन विधानांना जोडणाऱ्या तिसऱ्या विधानाचा : ती उपयोगी पडतात, कारण ती दाहाचे शमन करतात. गेल्या चार दशकांच्या वैद्यकीय लेखनात हे तिसरे विधान इतक्या वेळा आले आहे की त्याला स्वतंत्र पुराव्याची गरज आहे, याचाच विसर पडलेला दिसतो.

२. जपानमधील उगम

एरिथ्रोमायसिन १९५२ साली वापरात आले. फिलिपाइन्समधील इलोइलो येथील मातीच्या नमुन्यातील सूक्ष्मजीवापासून ते मिळाले होते. जिवाणूच्या रायबोसोमला चिकटून त्याची प्रथिननिर्मिती रोखणे, हे त्याचे मूळ कार्य. घसा आणि फुप्फुस यांच्या संसर्गांत, विशेषतः पेनिसिलीन न चालणाऱ्या रुग्णांत, त्याचा उपयोग होऊ लागला.

त्याची दुसरी ओळख जपानमध्ये घडली. १९६९ साली तेथे ‘डिफ्यूज पॅनब्राँकिओलायटिस’ या विकाराचे वर्णन झाले. या विकारात सूक्ष्म श्वासनलिकांच्या भिंतींना सर्वत्र सूज येते, भरपूर कफ पडतो आणि पुढे स्यूडोमोनास एरुजिनोसा हा चिवट जंतू तेथे कायमचा मुक्काम करतो. रोगी बहुधा काही वर्षांत दगावत असे. १९८० च्या दशकाच्या प्रारंभी शोजी कुदोह यांच्या पाहण्यात असा एक रुग्ण आला, की जो दुसऱ्या डॉक्टरांकडून दीर्घकाळ अल्प मात्रेत एरिथ्रोमायसिन घेत होता आणि अनपेक्षितपणे सुधारला होता. कुदोह यांनी ही नोंद सोडून दिली नाही. त्यांनी अन्य रुग्णांवर तोच उपचार केला आणि १९८७ मध्ये अनुभव प्रसिद्ध केला. १९९८ साली त्यांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी ४९८ रुग्णांचा आढावा मांडला. पाच वर्षे जगण्याचे प्रमाण १९७०-७९ या काळात ६२.९ टक्के, १९८०-८४ मध्ये ७४.६ टक्के आणि १९८५-९० मध्ये ९१.४ टक्के असे होते.

वैद्यकाच्या इतिहासात असे आकडे क्वचित दिसतात. ही तुलना वेगवेगळ्या काळांतील रुग्णांची होती आणि एरिथ्रोमायसिन रूढ होण्यापूर्वीच जगण्याचे प्रमाण वाढू लागले होते, हा आक्षेप रास्त आहे. तरीही शेवटच्या टप्प्यातील वाढ दुर्लक्ष करण्याजोगी नाही. उपचार लाभला, हे मान्य करावेच लागते.

आपल्या विषयाच्या दृष्टीने महत्त्वाचे आहे ते या लाभाचे दिले गेलेले स्पष्टीकरण. स्यूडोमोनास हा जंतू एरिथ्रोमायसिनला दाद देत नाही. रोजच्या सुमारे ६०० मिलिग्रॅम मात्रेने कफात जेवढे औषध उतरते, ते या जंतूला मारण्यास पुरेसे नसते. काही रुग्ण सुधारले तरी त्यांच्या कफात जंतू तसाच होता. मग औषधाने काम केले ते जंतूवर नव्हे, रुग्णाच्या शरीरावर, म्हणजेच दाहावर. हा युक्तिवाद प्रथमदर्शनी बिनतोड वाटतो. पुढील सर्व साहित्य त्याच्याच पायावर उभे आहे.

३. एक विसरलेला धडा

अनुकूल परिणाम आणि त्याचे स्पष्टीकरण यांत गल्लत होण्याचा प्रसंग या औषधवर्गावर आधीही आला होता. ट्रोलिअँडोमायसिन हे मॅक्रोलाइड स्टेरॉइडवर अवलंबून असलेल्या दमेकऱ्यांना दिले असता स्टेरॉइडची मात्रा कमी करता येते, असे १९७० च्या सुमारास आढळले. त्यावरून या औषधाच्या अंगी दम्यावरील स्वतंत्र गुण असावा, असे अनुमान निघाले. १९८० मध्ये झेफ्लर आणि सहकाऱ्यांनी दाखवून दिले की हे औषध मिथाइलप्रेडनिसोलोन या स्टेरॉइडचा शरीरातून होणारा निचरा मंदावते. म्हणजे गोळी लहान झाली, तरी रक्तातील स्टेरॉइडचा मुक्काम लांबला होता. रुग्ण बरा होत होता, पण त्याचे श्रेय बऱ्याच अंशी ज्या स्टेरॉइडपासून त्याला सोडवायचे होते त्यालाच जात होते.

या उदाहरणावरून आजच्या औषधांविषयी थेट निष्कर्ष काढता येणार नाही. अझिथ्रोमायसिनचा यकृतातील विकरांवर तसा परिणाम जवळजवळ होत नाही. परंतु ‘रुग्ण सुधारला’ ही नोंद खरी असूनही ‘का सुधारला’ याचे उत्तर चुकू शकते, एवढा धडा त्यातून मिळतो. कुदोह यांच्या युक्तिवादाकडे याच दृष्टीने पाहिले पाहिजे.

४. ‘जंतू मेला नाही’ म्हणजे काय?

या युक्तिवादात एक गृहीतक लपलेले आहे. प्रतिजैविक जंतूला मारत नसेल, तर ते जंतूवर काहीच करीत नाही, असे त्यात मानलेले आहे. हे गृहीतक टिकत नाही. स्यूडोमोनास हा जंतू समूहाने वागतो. संख्या पुरेशी झाली की रासायनिक संकेतांद्वारे तो आपल्या भाईबंदांशी समन्वय साधतो, विषारी द्रव्ये सोडतो आणि चिकट आवरणाखाली वसाहत करतो. मारक पातळीहून कमी मात्रेतील अझिथ्रोमायसिन हे संकेत दाबते, असे तातेदा व सहकाऱ्यांनी २००१ मध्ये प्रयोगशाळेत दाखवले. जंतू जिवंत राहतो, कफाच्या तपासणीत तो सापडतोही. पण त्याचा उपद्रव कमी झालेला असतो. उपद्रव कमी झाला की त्याच्या विरोधात उसळलेला दाहही आपोआप उतरतो.

म्हणजे दाह कमी झालेला दिसणे ही एकच घटना दोन भिन्न मार्गांनी संभवते. पहिल्या मार्गात औषध थेट शरीराच्या पेशींवर काम करते. दुसऱ्या मार्गात ते जंतूला निष्प्रभ करते आणि दाह परिणामतः ओसरतो. आग विझली, एवढ्यावरून पाणी ओतले की लाकडे ओढली, हे कळत नाही.

पहिल्या मार्गाच्या बाजूने पुरावा आहे आणि तो दुर्लक्षणीय नाही. प्रयोगशाळेत मॅक्रोलाइड औषधे श्वासमार्गाच्या पेशींतून होणारा इंटरल्यूकिन-८ चा स्राव कमी करतात. हा पदार्थ न्यूट्रोफिल या संरक्षक पेशींना बोलावून घेतो. ती श्लेष्म्याचा स्राव घटवतात आणि मृत पेशी गिळून साफ करण्याची मॅक्रोफेज पेशींची क्षमता वाढवतात. रेणूतील कड्यात १४ किंवा १५ अणू असलेल्या मॅक्रोलाइडांत हे गुण आढळतात, १६ अणूंच्या वर्गात ते सहसा आढळत नाहीत. रुग्णांवरील पुराव्यात सिम्पसन आणि सहकाऱ्यांची २००८ ची चाचणी उल्लेखनीय आहे. दुर्दम्य दम्याच्या ४५ रुग्णांत आठ आठवडे क्लॅरिथ्रोमायसिन दिल्यावर कफातील इंटरल्यूकिन-८ आणि न्यूट्रोफिल यांचे प्रमाण घटले. दाहशमनाच्या बाजूचा हा भक्कम पुरावा होय. मात्र दिवसातून दोनदा ५०० मिलिग्रॅम ही तेथील मात्रा संसर्गासाठी दिली जाते तीच आहे. त्यामुळे वर सांगितलेल्या दोन मार्गांपैकी कोणता खरा, हा प्रश्न येथेही सुटत नाही.

तो सोडवण्याचा सरळ उपाय एकच. जंतुनाशक गुण काढून टाकलेले आणि दाहशामक गुण शाबूत ठेवलेले मॅक्रोलाइड तयार करावे व ते रुग्णांवर तपासावे. जपानमधील कितासातो संस्थेत एरिथ्रोमायसिनपासून ईएम-७०३ हा असा रेणू तयार झाला आणि उंदरांवरील प्रयोगांत त्याने आशादायक परिणाम दाखवले. अशा रेणूंना रुग्णांच्या उपचारात मात्र अद्याप स्थान मिळालेले नाही. दाहशमनाचा सिद्धान्त खरा ठरल्यास प्रतिजैविकाची गरजच उरणार नाही. म्हणजे त्या सिद्धान्ताच्या पुरस्कर्त्यांनी ज्या औषधाची सर्वाधिक मागणी करायला हवी, ते प्रतिजैविक नसलेले मॅक्रोलाइडच होय.

५. चाचण्यांनी काय मोजले?

२००० नंतर या विषयावर उत्तम दर्जाच्या यादृच्छिक चाचण्या झाल्या. त्यांचे निष्कर्ष थोडक्यात असे.

सीओपीडी : अल्बर्ट आणि सहकाऱ्यांनी २०११ मध्ये अमेरिकेत ११४२ रुग्णांची चाचणी प्रसिद्ध केली. एक वर्ष रोज २५० मिलिग्रॅम अझिथ्रोमायसिन घेणाऱ्यांत रोगाचे तीव्र उद्रेक प्रतिरुग्ण दरवर्षी १.४८ होते, तर प्लासिबो म्हणजे औषधविरहित गोळी घेणाऱ्यांत १.८३ होते.

ब्राँकिएक्टॅसिस : न्यूझीलंडमधील २०१२ च्या ‘एम्ब्रेस’ चाचणीत (१४१ रुग्ण) सहा महिन्यांच्या उपचारकाळात उद्रेकांचे प्रमाण प्रतिरुग्ण १.५७ वरून ०.५९ इतके खाली आले. २०१३ मध्ये नेदरलँड्समधील ‘बॅट’ आणि ऑस्ट्रेलियातील ‘ब्लेस’ या चाचण्यांनीही त्याच दिशेचा निष्कर्ष दिला.

दमा : ऑस्ट्रेलियातील ‘अमेझेस’ या २०१७ च्या चाचणीत ४२० रुग्णांना आठवड्यातून तीनदा ५०० मिलिग्रॅम अझिथ्रोमायसिन किंवा प्लासिबो देण्यात आले. उद्रेकांचे वार्षिक प्रमाण अनुक्रमे १.०७ आणि १.८६ आढळले.

या चाचण्यांची रचना चोख होती. त्यांनी मुख्यतः मोजले ते उद्रेक. सीओपीडी आणि ब्राँकिएक्टॅसिस यांतील उद्रेकांमागे पुष्कळदा जिवाणूंचा वा विषाणूंचा संसर्ग असतो. प्रतिजैविक घेणाऱ्यांत संसर्गजन्य उद्रेक कमी झाले, यातून दाहशमनाचा सिद्धान्त आपोआप सिद्ध होत नाही. फुप्फुसाच्या श्वासक्षमतेत या चाचण्यांतून मोठी सुधारणा दिसली नाही, हेही लक्षात घ्यावे लागते.

सिद्धान्ताची खरी परीक्षा त्याच्या भाकितांत असते. मॅक्रोलाइडे प्रामुख्याने न्यूट्रोफिलप्रधान दाह शमवतात, असे मानले तर इओसिनोफिलप्रधान दम्यात त्यांचा विशेष उपयोग होऊ नये. बेल्जियममधील २०१३ च्या ‘अझिसास्ट’ चाचणीत (१०९ रुग्ण) एकंदर लाभ दिसला नाही, पण इओसिनोफिलविरहित उपगटात दिसला. त्यावरून भाकीत खरे ठरल्याचे समाधान व्यक्त झाले. चार वर्षांनी त्याहून बऱ्याच मोठ्या ‘अमेझेस’ चाचणीत लाभ दोन्ही गटांत आढळला. याच चाचणीतील रुग्णांच्या कफाचा जनुकीय अभ्यास टेलर व सहकाऱ्यांनी २०१९ मध्ये प्रसिद्ध केला. अझिथ्रोमायसिनमुळे हिमोफिलस इन्फ्लुएन्झा या जंतूचे प्रमाण घटले होते आणि मॅक्रोलाइड व टेट्रासायक्लिन यांना प्रतिरोध करणारी जनुके वाढली होती. औषध फुप्फुसात प्रतिजैविक म्हणून काम करीत होते, याचा हा सरळ पुरावा होय.

सिस्टिक फायब्रोसिसमधील दोन चाचण्याही याच दृष्टीने एकत्र वाचाव्यात. २००३ मध्ये सायमन व सहकाऱ्यांना स्यूडोमोनासने ग्रस्त असलेल्या १८५ रुग्णांत अझिथ्रोमायसिनने श्वासक्षमता सुधारल्याचे आढळले. २०१० मध्ये त्याच गटाने स्यूडोमोनास नसलेल्या २६० मुले व किशोरांत चाचणी केली, तेव्हा उद्रेक कमी झाले. श्वासक्षमता मात्र सुधारली नाही. जंतूच्या असण्यानसण्याने लाभाचे स्वरूप बदलत असेल, तर जंतूला स्पष्टीकरणातून वगळता येत नाही.

तर्कशास्त्राच्या भाषेत येथे अतिव्याप्तीचा दोष घडला आहे. डिफ्यूज पॅनब्राँकिओलायटिस हा मुख्यतः पूर्व आशियात आढळणारा, विशिष्ट आनुवंशिक पार्श्वभूमीशी निगडित विकार. त्याच्यासाठी रचलेले स्पष्टीकरण धूम्रपानाने झालेल्या सीओपीडीला, अ‍ॅलर्जीच्या दम्याला आणि आनुवंशिक सिस्टिक फायब्रोसिसला सरसकट लावले गेले. अल्बर्ट यांच्या चाचणीचे २०१४ मधील पुनर्विश्लेषण सांगते की चाचणीकाळात धूम्रपान चालू ठेवणाऱ्या रुग्णांना औषधाचा लाभ झालेला दिसत नाही. धुराने सतत दाह पेटत असतो, तेथेच ‘दाहशामक’ निरुत्तर व्हावे, याचा विचार पुरेसा झालेला नाही.

६. नावाची किंमत

कोणी म्हणेल, रुग्ण सुधारतो ना, मग स्पष्टीकरण कोणते का असेना? हा व्यवहारवाद या औषधांच्या बाबतीत परवडणारा नाही. स्पष्टीकरण बदलले की जोखमीचा हिशेबही बदलतो.

जंतू हा हिशेब चोख ठेवतात. अल्बर्ट यांच्या चाचणीत घशाच्या वरच्या भागात नव्याने जंतू आढळलेल्या रुग्णांपैकी अझिथ्रोमायसिन गटातील ८१ टक्क्यांचे जंतू मॅक्रोलाइडला प्रतिरोधक होते. प्लासिबो गटात हे प्रमाण ४१ टक्के होते. ‘बॅट’ चाचणीत प्रतिरोधाचे प्रमाण ८८ विरुद्ध २६ टक्के आढळले. ‘ब्लेस’ मध्ये एरिथ्रोमायसिन घेणाऱ्यांच्या घशातील प्रतिरोधक स्ट्रेप्टोकोकाय २७.७ टक्क्यांनी वाढले, प्लासिबो गटातील वाढ नगण्य होती. औषध कोणत्या हेतूने दिले, हे जंतूला कळत नाही. मात्रा अल्प आणि काळ दीर्घ ही तर प्रतिरोध जोपासण्यास सर्वांत अनुकूल परिस्थिती. शिवाय अझिथ्रोमायसिन शरीराच्या ऊतींत फार काळ रेंगाळते, त्यामुळे जंतू दीर्घकाळ अपुऱ्या मात्रेच्या सान्निध्यात राहतात.

रुग्णाच्या शरीरालाही धोके आहेत. अल्बर्ट यांच्या चाचणीत श्रवणशक्ती घटलेल्यांचे प्रमाण २५ टक्के होते, प्लासिबो गटात २०. रे आणि सहकाऱ्यांनी २०१२ मध्ये दाखवले की पाच दिवसांच्या अझिथ्रोमायसिनच्या दर दहा लाख उपचारक्रमांमागे, अमॉक्सिसिलिन घेणाऱ्यांच्या तुलनेत, हृदयविकाराने ४७ अधिक मृत्यू होतात. संख्या लहान आहे, पण लाखो लोक घेत असलेल्या औषधाच्या बाबतीत ती लहान राहत नाही.

दाहशमनाच्या कल्पनेवर विसंबून औषधाची व्याप्ती वाढवण्याचे दोन प्रयत्न बोधप्रद ठरले. रक्तपेशींच्या प्रत्यारोपणानंतर सूक्ष्म श्वासनलिका बुजू नयेत, म्हणून फ्रान्समध्ये अझिथ्रोमायसिन प्रतिबंधक म्हणून देऊन पाहिले गेले. ती चाचणी मुदतीपूर्वी थांबवावी लागली. २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार औषध घेणाऱ्यांत मूळ कर्करोग उलटण्याचे प्रमाण अधिक होते आणि २०१८ मध्ये अमेरिकेच्या औषध नियामकाने याबाबत इशारा दिला. दुसरा प्रयत्न कोविडचा. २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ब्रिटनमधील ‘रिकव्हरी’ चाचणीत रुग्णालयात दाखल झालेल्या ७७६३ रुग्णांत अझिथ्रोमायसिनचा काहीही उपयोग झाला नाही. २८ दिवसांतील मृत्यूचे प्रमाण दोन्ही गटांत २२ टक्के होते. तोवर जगभर हे औषध मुबलक वापरले गेले होते.

७. भारतीय संदर्भ

वरील बहुतेक चाचण्या अमेरिका, युरोप आणि ऑस्ट्रेलेशिया येथील आहेत. तेथील रुग्ण निवडलेले, तपासलेले आणि वर्षभर देखरेखीखाली असलेले होते. आपल्याकडे परिस्थिती निराळी आहे. भारतातील खासगी क्षेत्राच्या औषधविक्रीवर आधारलेल्या आणि २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासानुसार २०१९ साली सर्वाधिक खप अझिथ्रोमायसिनच्या ५०० मिलिग्रॅम गोळीचा होता. प्रतिजैविकांच्या एकूण खपात तिचा वाटा सुमारे ७.६ टक्के होता. जागतिक आरोग्य संघटनेने हे औषध ‘वॉच’ म्हणजे जपून वापरण्याच्या गटात ठेवले आहे. आपल्याकडे सर्दी-खोकल्यासाठी तीन किंवा पाच गोळ्यांची पट्टी औषधाच्या दुकानातून चिठ्ठीशिवाय आणली जाते, हे सर्वांच्या पाहण्यातले आहे. त्यात ‘हे सूजही उतरवते’ अशी शास्त्रीय भर पडली, तर उरलासुरला संकोचही जाईल.

दुसरी बाब अधिक गंभीर आहे. भारतातील ब्राँकिएक्टॅसिसच्या २१९५ रुग्णांची नोंद २०१९ मध्ये प्रसिद्ध झाली. त्यात या विकाराचे सर्वांत मोठे कारण क्षयरोग हे होते. त्याचा वाटा ३५.५ टक्के. क्षयाने विस्कटलेल्या फुप्फुसात क्षयेतर मायकोबॅक्टेरिया सहज घर करतात. त्यांपैकी अनेकांवर मॅक्रोलाइड हाच उपचाराचा कणा असतो. असा संसर्ग ओळखला न जाता एकट्या अझिथ्रोमायसिनवर महिनोन् महिने ठेवलेला रुग्ण आपला महत्त्वाचा उपाय गमावून बसतो. म्हणूनच ब्रिटिश थोरॅसिक सोसायटीच्या २०२० च्या मार्गदर्शिकेत दीर्घ उपचारापूर्वी कफाची मायकोबॅक्टेरियासाठी तपासणी, हृदयालेख आणि यकृताच्या चाचण्या यांचा आग्रह धरला आहे. औषध दाहशामक मानले, की या तपासण्या उपचारकाच्या नजरेत दुय्यम ठरतात. ते प्रतिजैविक मानले, तर त्या अपरिहार्य होतात.

८. समारोप

या विवेचनाचा रोख मॅक्रोलाइडांच्या विरोधात नाही. वर्षातून तीन-चार वेळा रुग्णालयाची पायरी चढावी लागणाऱ्या ब्राँकिएक्टॅसिसच्या रुग्णाला एका गोळीने ते फेरे निम्म्यावर येत असतील, तर ती त्याला मिळाली पाहिजे. आक्षेप आहे तो अपुऱ्या पुराव्यावर दिलेल्या नावाला. मॅक्रोलाइडांच्या अंगी दाह शमवण्याचा काही गुण असणे शक्य आहे, किंबहुना संभाव्य आहे. पण रुग्णाला मिळणाऱ्या लाभात त्या गुणाचा वाटा किती आणि जंतूंवरील परिणामाचा किती, हे आजवरच्या चाचण्यांतून वेगळे काढता आलेले नाही.

औषधशास्त्र, सूक्ष्मजीवशास्त्र आणि औषधनिर्माणशास्त्र शिकवणाऱ्या अध्यापकांनी वर्गात ‘मॅक्रोलाइडांचे प्रतिजैविकेतर परिणाम’ हा मुद्दा सांगताना त्याच्या शेजारी ८१ आणि ४१ टक्क्यांचे आकडे लिहावेत. अन्य विद्याशाखांच्या अध्यापकांना हे उदाहरण कार्यकारणभाव शिकवताना उपयोगी पडेल : परिणाम दिसला, म्हणून कारण सापडले असे होत नाही, आणि कारणाला आधीच नाव दिले की शोध थांबतो. दीर्घ मुदतीचे मॅक्रोलाइड हे दीर्घ मुदतीचे प्रतिजैविकच असते. त्याला तेच म्हणावे आणि त्याच धास्तीने, पण गरज असेल तेथे निःसंकोचपणे द्यावे.